आम्ही अरवलीला गेलो नाही

दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणारा माणूस बहुतेक वेळा निवृत्त झालेला असतो. मी बत्तीस वर्षांची आहे, आणि निवृत्त व्हायला आधी कायम नेमणूक लागते. शहरातल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर भूशास्त्र शिकवते. जेवढे तास घेतले तेवढा वेळ मी प्राध्यापक, सुट्टीत मी कुणीच नाही. दर जूनमध्ये नवा अर्ज, नवी मुलाखत. टेबलापलीकडे तीच माणसं, जिच्याबरोबर त्यांनी एप्रिलपर्यंत चहा घेतलेला असतो तिला म्हणतात, "आपला परिचय द्या." मी देते.

मी शिकवते ते पर्वत. दोन खंड एकमेकांवर आदळले की पर्वतांची रांग कशी उठते, हा माझा आवडीचा भाग. आणि तो शिकवायला मराठवाड्याइतकी गैरसोयीची जागा दुसरी नाही.

कारण आमच्याकडे असा एकही पर्वत नाही. देवगिरी घ्या, वेरूळ घ्या, कन्नडचा घाट घ्या, सगळा काळा बेसाल्ट. लाव्हा आला, पसरला, थंड झाला, त्यावर पुढचा आला. थरावर थर, सगळे आडवे. त्यांना कुणी येऊन धडकलं नाही. पावसानं आणि नद्यांनी मधलं मधलं खरवडून नेलं आणि जे राहिलं त्याला आपण डोंगर म्हणतो. आपले डोंगर उठलेले नाहीत, उरलेले आहेत. हे मी पहिल्याच तासाला सांगते आणि वर्गातल्या दोघा-तिघांचा चेहरा पडतो.

हिमालयाची, अरवलीची गोष्ट वेगळी. पृथ्वीचं कवच अखंड नाही, तुकड्यांचं आहे, आणि ते तुकडे साधारण नख वाढतं त्या वेगानं सरकत असतात. दोन खंडांच्या मध्ये समुद्र आहे तोवर निभावतं. समुद्राचा तळ जड दगडाचा, तो एका खंडाखाली शिरतो आणि पृथ्वीच्या पोटात जातो. समुद्र आक्रसत आक्रसत एक दिवस संपतो. मग दोन खंड समोरासमोर. खंडांचा दगड हलका, तो सहजी बुडत नाही. खाली जायला कुणीच तयार नाही आणि मागचा रेटा थांबत नाही. मग दोघांच्याही कडा चुरगळतात. थरांना घड्या पडतात, एक थर दुसऱ्यावर चढतो, कवच जाड होत जातं. वर जेवढा पर्वत दिसतो त्याच्या कितीतरी पट खोल त्याचं मूळ उतरतं. त्या मुळाशी इतका दाब आणि इतकी उष्णता की चुनखडीचा संगमरवर होतो, चिखलापासून झालेल्या दगडात लाल गार्नेटचे दाणे धरतात. पुढे कोट्यवधी वर्षांत वरचा पर्वत झिजतो आणि मूळ उघडं पडतं. अरवली त्यातलीच, शंभर कोटी वर्षांपूर्वीही ती जुनीच होती.

हे सगळं मी पत्रकांनी दाखवते. अण्णा, म्हणजे माझे वडील, देवगाव रंगारीहून वाळूजच्या कारखान्यात आले आणि युनियनमध्ये गेले. छापलेली पत्रकं आमच्या बजाजनगरच्या खोलीत येऊन पडायची. मुळाक्षरं यायच्या आधी मला पत्रकाची घडी घालता यायची. उरलेल्या पत्रकांचं एक पोतं अजून घरात आहे. त्यातली शंभरेक काढायची, चळत टेबलावर आडवी ठेवायची आणि दोन्ही हातांनी दोन्हीकडून रेटायचं. मध्ये कमान उठते. सगळ्यात वरचं पत्रक मी मुद्दाम निवडून ठेवते. त्यावर मोठ्या अक्षरांत 'माघार नाही' असं आहे आणि ते बरोबर कमानीच्या माथ्यावर येतं.

एकदा आमचे विभागप्रमुख धर्माधिकारी सर दारातून हे बघत होते. तास संपल्यावर म्हणाले, "मॅडम, भूशास्त्र शिकवा. मोर्चा काढू नका."

"सर, दगडाला रेटल्याशिवाय घडी पडत नाही. मी काय करू?"

सर वाईट माणूस नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवते. शहरातल्या जुन्या कारकुनी घरातले, अक्षर मोत्यासारखं, फाईल कधी हरवत नाही. त्यांचा भांडणावर विश्वास नाही, एवढंच.

भांडण झालं ते सहलीवरून. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी घडी पडलेले खडक जाऊन बघायचे आणि अहवाल लिहायचा, असा नियम आहे. परंपरेनं ती सहल अरवलीला जाते. जाते म्हणजे जायची. तीन वर्षं परवानगीचा कागद वरून परतच आला नव्हता. चौथ्या वर्षीही आला नाही. तरी अहवाल मात्र दरवर्षी वेळेवर जमा होत. विभागात एक पोलादी कपाट आहे, त्यात जुने अहवाल. मुलं ते नेत, नाव बदलून उतरवून काढत, आणि खाली आम्ही दोघांनी सही करायची की यांनी प्रत्यक्ष क्षेत्रभेट घेतली. एका मुलाच्या अहवालात तर मुक्कामी झालेल्या जुलाबांचं वर्णन होतं. तो पोरगा जळगावच्या पुढे कधी गेला नव्हता.

मी आधीच्या वर्षांत सह्या केल्या होत्या का? केल्या होत्या. दोनदा. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण लिहिते.

त्या वर्षी मी म्हणाले, करणार नाही.

"अहो, सगळीकडे असंच चालतं," सर म्हणाले.

"जो पर्वत कुणी पाहिला नाही तो पाहिला म्हणून मी सही करायची?"

"आठ दिवसांवर तोंडी परीक्षा आहे. सही नसेल तर बारा मुलांचं प्रात्यक्षिक अडकेल. तुम्ही म्हणाल तसं. तुमची सही होईपर्यंत मी माझी जागा कोरी ठेवतो."

मी तडक वर्गात गेले आणि हे जाहीर केलं. खोटं सांगत नाही, मला टाळ्यांची अपेक्षा होती. टाळ्या झाल्या नाहीत. पिशोरची वैष्णवी दुसऱ्या बाकावर बसायची, ती उभी राहिली.

"मॅडम, तुमचं तत्त्व बरोबर हाय. पण वरीस आमचं जातंय."

"वैष्णवी, हे खोटं..."

"व्हय, खोटं हाय. पण घरी माझ्या लग्नाची बोलणी थांबवून ठेवलीत. पास झाले तर एमएस्सी करू देतो म्हणलेत. नाय झाले तर काय करू, ते तुमीच सांगा. तुमी सही नाय केली तर तुमचं नाव होईल. माझं काय होईल?"

पत्रकांत हा प्रश्न कधी छापलेला नसायचा.

घरी आले तेव्हा अण्णा वर्तमानपत्र वाचत होते. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं. "नियम वाचला का?"

"नियम माहीत आहे अण्णा."

"माहीत हाय म्हणू नको. वाचला का? 'नाय करत' म्हणणं लई सोपं असतं. आमी करार शब्द न् शब्द वाचायचो. मालकाला वाटायचं पोरं घोषणा देतात. घोषणा नंतर. आधी कागद."

मी अभ्यासक्रमाची पुस्तिका काढली. तिच्यात लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांनी घडी पडलेल्या व रूपांतरित खडकांचे प्रत्यक्ष निरीक्षण करून अहवाल सादर करावा.' पुन्हा वाचलं. अरवलीचं नाव नव्हतं. बसचं नव्हतं, मुक्कामाचं नव्हतं. प्रत्यक्ष निरीक्षण एवढंच. पण मराठवाड्यात बसून घडी पडलेला खडक आणायचा कुठून?

तेवढ्यात शेजारच्या काकू साखर मागायला आल्या. त्यांनी नुकताच नवा ओटा करून घेतला होता आणि त्या आठवड्यात त्यांच्याकडे दुसरा विषयच नव्हता. "बाई, फसवलं गं मला. पांढराशुभ्र दगड म्हणून घेतला तर त्यावर लाल लाल डाग. चार दिवस घासतेय, निघायचं नाव नाही."

मी काकूंच्या आधी काकूंच्या स्वयंपाकघरात पोहोचले. ओट्यावर वाकून पाहिलं. डाग नव्हते. गार्नेट होतं. बाजारात त्या दगडाला काश्मीरचं नाव आहे, येतो तो तमिळनाडूतून, आणि तिथं पन्नास कोटी वर्षांहून आधी खंड आदळून जो पर्वत उठला त्याच्या मुळाचा तो तुकडा आहे. पर्वत केव्हाच गेला. मूळ काकूंच्या शेगडीखाली होतं.

"काकू, हा कुठून घेतला?"

"पैठण रोडला गोदाम आहे ना, तिथून. तू बदलून आणून देतेस का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बारा मुलांना घेऊन मी पैठण रोडच्या गोदामात उभी होते. लोखंडी सांगाड्यांना टेकून शेकडो फरश्या उभ्या होत्या. तिथलं सगळं बघणारे रशीदभाई पॉलिशवाले, वय साठीचं, भुवयांवर दगडाची पांढरी पूड.

"कित्ता लेना है मॅडम?"

"लेना नहीं है भाई. देखना है."

"देखने के वास्ते तेरा जने?"

मी समजावून सांगितलं. ते मोठ्यांदा हसले. "दगड देखने का बी कॉलेज रहता क्या? हम तो तीस साल से देखरै. हमकू तो कोई डिग्री नै दिया."

पण त्यांनी फिरवलं. आणि मी जे पाहिलं ते आयुष्यात विसरणार नाही. राजस्थानचा संगमरवर, त्यात करड्या पट्ट्या दुधात ढवळल्यासारख्या वळलेल्या. ग्रॅनाईट या नावाखाली विकले जाणारे दगड, ज्यातले निम्मे ग्रॅनाईट नव्हतेच, दाबाखाली पट्टे पडलेले 'नाईस' नावाचे खडक होते. व्यापारात कठीण असेल ते सगळं ग्रॅनाईट. बादलीतून पाणी घेऊन रशीदभाई फरशीवर मारत आणि दगडातलं सगळं एकदम वर येई. कोरड्या दगडाचं रूप दिसत नाही, आम्हीही बाहेर हेच करतो. पाणी नसेल तर भूशास्त्रज्ञ दगड चाटतोसुद्धा, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

गोदामाच्या टोकाला दोन मोठ्या फरश्या शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि त्यांवर पसरली होती एक अप्रतिम कमान. माथा मधोमध, दोन्ही बाजूंना थर सारखे उतरलेले. मी मुलांना बोलावलं, हात लांब करून शिकवलं, हा घडीचा अक्ष, हे दोन पंख, हा माथा, असा दोन्हीकडून रेटा आला असणार. बारा वह्यांत रेषा आणि बाण काढले गेले. मी बोलत होते आणि मला वाटत होतं, बघा, परवानगी नाही दिलीत तरी पर्वत आणला की नाही!

रशीदभाई मागे उभे होते. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं.

"मॅडम, बुरा नक्को मानो. ये पहाड नै बनाया. ये हम बनाये."

"म्हणजे?"

"एकच दगड है. बीच में से चीरे, किताब के सरीका खोल के रख दिये. बुकमॅच बोलते. हॉटेलवाले लोगां दीवार पे लगाते." त्यांनी जोडावर बोट ठेवलं. "देखो. इधर ये लाल दाना, उधर बी वैसाच, उत्तेच इंच पे. इधर ये बारीक दरार, उधर बी. अल्ला का काम दोनो बाजू ऐसा सरीका नै रहता."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मला वाटलं जमीन दुभंगावी, बेसाल्ट असला तरी.

"असली मरोड देखना? आव." ते आम्हाला कोपऱ्यात एका तुटक्या कडेच्या फरशीपाशी घेऊन गेले. कुणी घेत नव्हतं म्हणून पडलेली. पाणी मारलं. एकाच दगडात एक थर वाकडातिकडा वळलेला, वळणापाशी फुगून जाड, पंखांवर ताणला जाऊन पातळ, एक बाजू दुसरीवर कललेली. जोड नाही, आरसा नाही. खरी घडी. ती अजिबात सुंदर नव्हती.

मुलं मागच्या पानावरचं चित्र खोडायला लागली. मी म्हणाले, "खोडू नका. बाजूला लिहा, मॅडम चुकल्या. आणि का चुकल्या तेही लिहा."

"असं लिवायचं रिपोर्टात?" वैष्णवीनं विचारलं.

"मागच्या तीन वर्षांतलं पहिलं खरं वाक्य होईल ते."

अहवाल चार दिवसांत तयार झाले. वैष्णवीच्या अहवालाचं पहिलं वाक्य होतं, 'आम्ही अरवलीला गेलो नाही.' मी सही करून सरांच्या टेबलावर ठेवले. सरांनी वाचले आणि सरकवून दिले.

"गोदाम? परीक्षकांसमोर माझं हसं करायचं आहे का तुम्हाला?"

"सर, पुस्तिकेतलं वाक्य वाचा. शब्द न् शब्द वाचा. आणि एकदा जाऊन बघून या. मग नाही म्हणा, मी ऐकेन."

मला वाटलं जाणार नाहीत. रविवारी सकाळी रशीदभाईंचा फोन आला. "मॅडम, तुमारे सर आयेत. हेल्मेट बी नै उतारे." मी रिक्षानं गेले. सर कोपऱ्यातल्या त्या तुटक्या फरशीपुढे उभे होते. मला बघून त्यांनी हेल्मेट काढलं, रुमालानं हात पुसले आणि मग घडीवरून बोट फिरवलं, एका पंखावरून माथ्यावर, माथ्यावरून खाली.

"अठ्ठावीस वर्षं फळ्यावर काढतोय," ते म्हणाले. "दोन बाण, मध्ये कमान. आमची सहल गेली होती मॅडम, खरोखर गेली होती. मला कावीळ झाली होती. मित्राचा रिपोर्ट उतरवला. नंतर जाऊ, नंतर जाऊ म्हणता राहूनच गेलं."

मी बादली त्या फरशीजवळ सरकवली.

रशीदभाईंनी विचारलं, "सर कू पानी मार के दिखाऊ?"

"दाखवा," सर म्हणाले.

सोमवारी बारा अहवालांवर त्यांची सही होती. सहीखाली मोत्यासारख्या अक्षरांत, बाराही ठिकाणी, 'मी स्वतः पाहिले.'

बाहेरगावचे परीक्षक आले. वैष्णवी आत गेली, मी आणि सर आतच भिंतीला टेकून उभे. परीक्षकांनी सवयीनं विचारलं, "हं, अरवलीत मुक्काम कुठे होता?"

"सर, आमी अरवलीला गेलो नाय."

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे, मग सरांकडे पाहिलं. "मग कुठे गेलात?"

"पैठण रोडला."

"तिथे कुठला पर्वत आहे?"

"अख्खा नाय सर. कापलेला हाय."

मग त्यांनी अहवाल उघडला. चुकलेल्या चित्रापाशी थांबले. खरी घडी आणि जोडलेली फरशी कशी ओळखायची, वळणावर थर जाड का होतो, गार्नेट कशात होतं, समुद्राचा तळ बुडतो आणि खंड का नाही, असं बराच वेळ विचारत राहिले. वैष्णवी अडखळली, पण थांबली नाही. पाठ केलेलं नसल्यामुळे ती मध्ये मध्ये विचार करत होती आणि ते दिसत होतं.

शेवटी परीक्षक मला म्हणाले, "निरीक्षण चांगलं आहे. पण मला गुण कापावे लागतील. दगड जागेवर नव्हता. थर कोणत्या दिशेला उतरतो, किती कलतो, शेजारी काय आहे, यातलं काहीच यांना मोजता आलेलं नाही."

ते बरोबर बोलत होते, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. गोदामातला दगड पर्वत कसा झाला ते सांगतो, पर्वत कुठे होता ते सांगत नाही. माझ्या मुलांना कंपास धरून डोंगरावर उभं करायला हवं होतं. ते मी करू शकले नाही. आजही नाही.

"कापा सर," मी म्हणाले. "पण का कापले ते लिहा. आणि मुलं जागेवर का गेली नाहीत तेही लिहा. चार वर्षं परवानगी नाही, हे लिहा."

धर्माधिकारी सर खाकरले. मला वाटलं, आता सावरून घेणार. ते म्हणाले, "परवानगीच्या अर्जांच्या प्रती माझ्याकडे आहेत. तारीखवार लावलेल्या. देऊ का?" सरांची फाईल कधी हरवत नाही.

बाराही जण पास झाले. कमी गुणांनी. वैष्णवी निकालाचा कागद घेऊन आली, म्हणाली, "मॅडम, लई कापले. पण हायेत तेवढे आपले हायेत." आता ती एमएस्सीला आहे, दुसऱ्या गावी. मागच्या हिवाळ्यात तिनं फोटो पाठवला. अरवली, पाठीमागे तंबू, हातात कंपास. खाली लिहिलं होतं, 'मॅडम, इथं एकबी घडी सरळ नाय.'

मला जूनमध्ये परत घेतलं नाही. ऑगस्टमध्ये घेतलं, दुसरं कुणी आलं नाही म्हणून. "आपला परिचय द्या," असं म्हणाले. दिला. परवानगी अजूनही आलेली नाही. अर्ज मात्र मी आणि सर दर महिन्याला पाठवतो, आणि प्रत ठेवतो.

या वर्षीच्या मुलांचे अहवाल परवा जमा झाले. मी त्यांना अजून कुठं नेलंही नव्हतं. पहिला उघडला. 'आम्ही अरवलीला गेलो नाही.' दुसरा उघडला, तेच. सगळ्यांत पैठण रोडचं गोदाम, सगळ्यांत ती कमान, आणि सगळ्यांत बाजूला सुवाच्य अक्षरांत, 'मॅडम चुकल्या.' वैष्णवीचा अहवाल पोलादी कपाटातून निघाला होता आणि आमच्या पोरांनी माझ्या चुकीसकट तो उतरवून काढला होता. फरशीसारखा मधोमध चिरून दोन्हीकडे उघडलेला.

मी आधी हसले. मग गठ्ठा उचलून वर्गात गेले.

"मी कधी चुकले?" मी विचारलं. "कुणी पाहिलं?" मान खाली. गठ्ठा मी टेबलावर ठेवला. "सही होणार नाही. उद्या सकाळी आठला पैठण रोड."

सकाळी सगळे आले. ती जुळवलेली कमान आता कुठल्याशा हॉटेलच्या भिंतीवर आहे आणि तुटकी फरशीही विकली गेली आहे. तिच्या जागी कालच उतरलेला एक दगड उभा होता. हिरवट, धुळीनं माखलेला, कसल्याशा पट्ट्यांचा. मी जवळून पाहिला. लांबून पाहिला.

"मॅडम, हा कुठला?" एकानं वही उघडत विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. वही तशीच उघडी राहिली. त्याला उतरवायला काही मिळालं नाही.

मी मागे वळले. रशीदभाई बादली घेऊन उभेच होते.

"भाई, पाणी मारा."